दुसऱ्या व्हायोलिनची जागा

‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द मराठीत आपण फार सैल वापरतो. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा नाट्यगृहात दोन-चार गायक चित्रपटगीते म्हणतात, मागे कीबोर्ड, ढोलक आणि ऑक्टोपॅड असतो, मध्येच कुणी नटांचे आवाज काढून जातो. त्या कार्यक्रमाला आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो. हा शब्द युरोपातून आला तेव्हाचा त्याचा अर्थ वेगळा होता. त्या अर्थाच्या वाद्यवृंदात बहुतेक वेळा गायक नसतोच. तीस, पन्नास, कधी शंभर माणसे आपापल्या वाट्याची स्वतंत्र ओळ कागदावरून वाचत एकाच वेळी वाजवतात आणि त्या सगळ्या ओळी मिळून एक रचना ऐकू येते. असा वाद्यवृंद एखाद्या प्रदेशात कशाच्या बळावर उभा राहतो आणि कशामुळे बसतो, हा या लेखाचा विषय आहे.

गोव्यातील चर्चसंगीत आणि मुंबईतील हौशी वाद्यवृंद यांचा मागोवा घेताना माझे एक मत पक्के होत गेले. वाद्यवृंद गाजतो तो मोठ्या वादकांमुळे, पण टिकतो तो मागल्या रांगांतल्या साधारण वादकांमुळे. साधारण वादक आपोआप तयार होत नाहीत. त्यांना वाचायला शिकवणारी जागा लागते आणि नेमाने एकत्र वाजवण्याचे निमित्त लागते. आपल्या किनारपट्टीवर या दोन्ही गोष्टी एकेकाळी होत्या.

मी संगीताचा रीतसर विद्यार्थी नाही. चर्चसंगीताच्या जुन्या वह्या वाचता याव्यात म्हणून पंचेचाळिशीनंतर पाच रेघांची स्वरलिपी शिकलो. नुसत्या वाचनाने भागेना, तेव्हा व्हायोलिन हाती घेतले. पुढे एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत जागा मिळाली. प्रवेशाची परीक्षा सोपी होती: एक तयार केलेला तुकडा वाजवायचा आणि एक कधीही न पाहिलेले पान समोर ठेवल्याबरोबर वाचून वाजवायचे. पहिल्यापेक्षा दुसऱ्याला महत्त्व अधिक होते. त्याचे कारण तिथे बसल्यावर समजले.

वाद्यवृंदात व्हायोलिनचे दोन गट असतात. पहिल्या गटाकडे बहुधा मुख्य चाल असते. दुसऱ्याकडे तिला आधार देणारे मधले स्वर. मोझार्टची १७८७ सालची ‘आइन क्लाइन नाख्टम्युझिक’ ही रचना हौशी मंडळी फार वाजवतात, कारण तिला फक्त तंतुवाद्ये लागतात. तिच्या आरंभी सगळे मिळून एकच घोष करतात. लगेच पहिल्या व्हायोलिनला चाल मिळते आणि दुसऱ्याच्या वाट्याला एकाच स्वराचे भराभर आघात येतात. ती ओळ घरी एकट्याने वाजवली तर शेजारचा माणूस याला संगीत म्हणणार नाही. पण तालमीत दुसरे व्हायोलिन थांबवले, की पहिल्याची चाल उघडी पडते, तिच्यातला धावता जीव जातो.

तालमीचा बराच वेळ अशाच न दिसणाऱ्या कामात जातो. दोन वादकांत एक स्टँड असतो. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक वाजवणे सोडून पान उलटतो, बाहेरच्याने वाजवत राहायचे. गज कोणत्या स्वराला खाली ओढायचा आणि कोणत्या स्वराला वर न्यायचा, हे पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख ठरवतो आणि बाकीचे ते पेन्सिलीने आपल्या पानावर लिहून घेतात. ओबो हे वाद्य असेल तर त्याच्याकडून, नसेल तर प्रमुख व्हायोलिनकडून एक स्वर घेऊन सगळे आपली वाद्ये जुळवतात. ज्या मात्रांना आपण वाजवायचे नाही त्या मोजत बसणे हेही काम असते, आणि नवख्याला तेच सर्वांत जड जाते.

आपल्या कानाला हे सगळे परके वाटते, कारण आपले रागसंगीत एका कलावंताभोवती उभे असते. मैफलीत साथ करणारा मुख्य गायकाच्या मनाचा अंदाज घेत जातो. काय वाजणार हे आधी लिहिलेले नसते. व्हायोलिन आपल्याकडे पूर्ण रुजले, पण ते मांडी घालून बसले, त्याच्या तारा बहुधा सा-प अशा जुळवल्या गेल्या आणि ते गळ्यामागून चालू लागले. समूहाने वाजवण्याची आपली मोठी परंपरा दिंडीतल्या टाळकऱ्यांची. तिथेही कुणी एकटा दिसत नाही, पण सगळ्यांचा ठेका एकच असतो. शेजाऱ्यापेक्षा वेगळी ओळ वाजवूनही शेजाऱ्याबरोबर राहायचे, ही सवय लावायला निराळी शाळा लागते.

ती शाळा गोव्यात होती. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून पॅरिश शाळा सुरू झाल्या. तिथे अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि संगीत एकत्र शिकवले जाई. संगीत शिकवणाऱ्याला ‘मेस्त्र’ म्हणत. मुलगा आधी ‘सोल्फेज’, म्हणजे स्वरांची नावे घेत कागदावरून गाणे, शिके आणि मग त्याच्या हाती व्हायोलिन येई. या शिक्षणाला निमित्तांची जोड होती: रविवारची प्रार्थना, गावच्या संताचे फेस्त, उपवासकाळातली मोतेत गीते, घरोघरी आणि वाटेवरच्या क्रूसापुढे होणारी लादाइन. शिकलेले वाजवायला दहा वर्षे थांबावे लागत नसे. जेमतेम वाजवणाऱ्यालाही फेस्ताच्या दिवशी जागा असे आणि शेजारी बसलेल्या जाणत्याकडून तो उरलेले शिके.

पोटापाण्यासाठी मुंबईला आलेल्या गोंयकारांनी हे वाचन बरोबर आणले. धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या, तिथे गावच्या माणसाला स्वस्तात पथारी टाकता येई. हॉटेलांतले नाचाचे बँड, १८९२ साली मुंबईतच जन्मलेले तियात्र आणि पुढे बोलपट, सगळ्यांना कागद पाहून लगेच वाजवणारी माणसे हवी होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. जन्म १९२७ चा. वडील गावच्या चर्चचे गायकवृंदप्रमुख आणि तेच पहिले गुरू. ते चित्रपटसंगीतातले नामवंत वादक आणि वाद्यमेळ लिहिणारे अरेंजर झाले. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून भारतीय राग मोठ्या वाद्यवृंदातून मांडून पाहिले; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव गाण्यात आणले. ते गाणे सगळ्यांना ठाऊक असते, त्यामागचा माजोर्ड्याचा चर्चवृंद फार थोड्यांना.

मुंबईत दुसरा आधार पारशी समाजाचा होता. मेहली मेहता यांनी १९३५ साली ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. पोटासाठी दुसरा उद्योग करणारे हौशी आणि बँडमध्ये कमावणारे व्यावसायिक अशा वाद्यवृंदांत शेजारी बसत. १९५० च्या दशकात मेहता परदेशी गेले. १९६२ साली ‘बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा’ निघाला. गोव्यात आंतोनियो फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत संगीत अकादमी काढली आणि सिंफनी वाद्यवृंदही उभा केला. त्या अकादमीचा वारसा पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाकडे आला.

मग ओहोटी लागली. सरकारी आणि इंग्रजी शाळा वाढल्या तशा पॅरिश शाळा मागे पडल्या. सिंथेसायझर आल्यावर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला पन्नास व्हायोलिनची गरज उरली नाही आणि वाचता येण्याला बाजारात जी किंमत होती ती गेली. २००६ साली मुंबईत एनसीपीएने ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभारला तेव्हा बहुतेक खुर्च्या परदेशी वादकांनी भराव्या लागल्या. त्या संस्थेने नंतर मुलांना शिकवण्याचे काम हाती घेतले, यावरून नड कुठे आहे हे तिलाही दिसले असावे.

हे सगळे पाश्चात्त्य संगीतापुरतेच खरे, असे कुणी म्हणेल. त्यासाठी मैहरकडे पाहावे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तिथे बँड बांधला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी त्या मुलांसाठी ‘नलतरंग’ केले. राग आपले, शिक्षण तोंडी; पण शिकवणारी जागा आणि रोज एकत्र वाजवण्याचे निमित्त, या दोन गोष्टी त्यांनी पुरवल्या. त्या मुलांत घराण्याचा वारस कुणी नव्हता. तरी वाद्यवृंद झाला आणि खाँसाहेबांच्या पश्चातही चालू राहिला.

आज व्हायोलिन शिकणारी मुले मुंबई-पुण्यात आणि गोव्यात कमी नाहीत. त्यांतली पुष्कळशी लंडनच्या मंडळांच्या ‘ग्रेड’ परीक्षा देतात. ठरावीक तुकडे वर्षभर घोटायचे, परीक्षकापुढे वाजवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे. परीक्षा वाईट नाही. तिने हात तयार होतो. पण अशा मुलांबरोबर मी तालमीला बसतो तेव्हा त्यांची अडचण दिसते. माझ्याहून कितीतरी अवघड तुकडे ती सहज वाजवतात, मात्र एक मात्रा चुकली की थांबतात, कारण एकट्याच्या सरावात थांबून पुन्हा सुरू करता येते. वाद्यवृंद थांबत नाही. चुकलेली मात्रा सोडून पुढच्या मापात शिरायचे असते, तेही शेजाऱ्याला धक्का न लावता. दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसायला सांगितले तर काही पालकांना तो मुलाचा कमीपणा वाटतो. व्हायोला आणि डबल बेस या वाद्यांकडे वळणारे विरळाच. ओबो, बासून वाजवणारे तर त्याहून कमी. म्हणून हौशी वृंदांना तंतुवाद्यांच्याच रचना शोधत बसावे लागते.

यावर उपाय खर्चिक नाही. एखाद्या गावात दहा-बारा शिकणारे असतील, तर आठवड्यातला एक दिवस त्यांनी एका खोलीत सोप्या रचना मिळून वाजवाव्यात आणि वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना गावापुढे वाजवावे. तारीख ठरलेली असली की सराव होतो. फेस्ताने तेच काम केले होते. प्रौढांनीही वय आड येऊ देऊ नये. पन्नाशीतल्या बोटांना मोठी चाल पेलणार नाही कदाचित, पण मधले स्वर वेळेवर देणे जमते. वाचता येणे, मोजता येणे आणि शेजाऱ्याचे ऐकू येणे एवढी शिदोरी त्याला पुरते. अशी वीस माणसे ज्या गावात असतील, तिथे उद्या एखादा अँथनी गोन्साल्विस निपजला तर त्याने लिहिलेले वाजवायला कुणीतरी असेल.