चित्रकथांचे जग – भाग ९ : रद्दीतून परतलेली ब्रिटिश कॉमिक्स

ब्रिटिश कॉमिक्स वाचून टाकून देण्यासाठीच छापली जात. स्वस्त वर्तमानपत्री कागद, दर आठवड्याला नवा अंक, एकेका कथेला दोन-तीन पाने. पुढचा अंक हाती आला की मागचा रद्दीत जाई. डंडी शहरातील डी. सी. थॉमसन या कंपनीने डिसेंबर १९३७ मध्ये ‘द डँडी’ आणि जुलै १९३८ मध्ये ‘द बीनो’ ही साप्ताहिके सुरू केली. १९५० च्या सुमारास या दोघांचाही खप आठवड्याला वीस लाखांच्या आसपास होता. तरीही सुरुवातीचे अंक आज अतिशय दुर्मीळ आहेत. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत घरोघरचे जुने अंक गेले आणि टंचाईमुळे ही दोन साप्ताहिके कित्येक वर्षे आळीपाळीने, एका आठवड्याला एक अशी निघत राहिली. ‘डँडी’च्या पहिल्या अंकाची एक प्रत, सोबत दिलेल्या शिट्टीसह, २००४ मध्ये वीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली.

१९५० मध्ये आलेल्या ‘ईगल’ने वेगळी वाट धरली. मार्कस मॉरिस या धर्मोपदेशकाला अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांची काळजी वाटत होती. मुलांना त्याहून चांगले काही द्यावे म्हणून त्याने हे साप्ताहिक काढले. फ्रँक हॅम्पसन या चित्रकाराने त्यात डॅन डेअर हा अवकाशवीर उभा केला. यानांच्या प्रतिकृती बनवून आणि सहकाऱ्यांना पोझ देऊन उभे करून तो चित्रे काढी. त्या रंगीत पानांचा तजेला आजही जाणवतो.

या कॉमिक्सचा इतिहास विस्कळीत राहिला, त्याचे एक कारण प्रकाशकांची विलीनीकरणाची पद्धत. एखाद्या साप्ताहिकाचा खप घसरला की ते दुसऱ्यात मिसळायचे, लोकप्रिय दोन-तीन कथा चालू ठेवायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. ‘ईगल’ १९६९ मध्ये ‘लायन’मध्ये गेले, ‘लायन’ १९७४ मध्ये ‘व्हॅलियंट’मध्ये, ‘व्हॅलियंट’ १९७६ मध्ये ‘बॅटल’मध्ये आणि ‘बॅटल’ १९८८ मध्ये मधल्या काळात नव्याने सुरू झालेल्या ‘ईगल’मध्ये!

दुसरे कारण अधिक क्लेशदायक आहे. लेखक-चित्रकारांची नावे सहसा छापली जात नसत. डडली वॉटकिन्ससारख्या मोजक्यांनाच सही करण्याची मुभा होती. हक्क कंपनीचे, मूळ चित्रेही कंपनीची, आणि त्यांतील बरीच नष्ट झाली. ‘बीनो’तील मिनी द मिन्क्स आणि बॅश स्ट्रीटची वात्रट मुले घडवणाऱ्या लिओ बॅक्सेंडेलला आपल्या हक्कांसाठी अनेक वर्षे कायदेशीर लढा द्यावा लागला, १९८७ मध्ये त्यात तडजोड झाली. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘२००० एडी’ने श्रेयनामे छापायला सुरुवात केली, तेव्हा कुठे वाचकांना कळू लागले की आवडत्या कथेमागचा हात कोणाचा आहे.

हे साहित्य आज प्रौढ वाचकाने का वाचावे, याचे सर्वांत सबळ उत्तर म्हणजे ‘चार्लीज वॉर’. पॅट मिल्स यांचे लेखन आणि जो कोल्कहून यांची चित्रे असलेली ही कथा जानेवारी १९७९ पासून ‘बॅटल’मध्ये येऊ लागली. नायक चार्ली बोर्न हा लंडनच्या कामगार कुटुंबातील सोळा वर्षांचा मुलगा. वय खोटे सांगून तो सैन्यात भरती होतो आणि पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या सोमच्या लढाईच्या संहारात जाऊन पडतो. अशुद्ध लेखनातली त्याची घरची पत्रे आणि त्यांच्या शेजारी खंदकातला चिखल, उंदीर, विषारी वायू यांची चित्रे. पत्रात लपवलेले सारे चित्रात उघड दिसते. त्या वेळच्या बहुतेक युद्धकथांत शत्रू म्हणजे जर्मन, विषय संपला. इथे मात्र चार्लीचा छळ करणारा आपल्याच बाजूचा उमराव अधिकारी आहे, आणि १९१७ चे एताप्ल येथील सैनिकांचे बंडही कथेत येते. आठवड्याला तीन पाने, वाचक शाळकरी मुले, आणि तरी युद्धाविषयी इतकी प्रामाणिक चित्रकथा क्वचितच झाली असेल. कोल्कहून १९८७ मध्ये वारले. कथा पुस्तकरूपाने सलग निघू लागली ती २००४ पासून.

अशा पुनर्मुद्रणाला मोठे बळ मिळाले ते रिबेलियन या ऑक्सफर्डच्या व्हिडिओ गेम कंपनीमुळे. तिने २००० मध्ये ‘२००० एडी’ विकत घेतले. पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये इतर असंख्य जुन्या साप्ताहिकांचे हक्कही मिळवले. तेव्हापासून जुने अंक शोधून, पाने स्वच्छ करून पुस्तके काढली जात आहेत. यात सर्वांत मोलाचा भाग मुलींच्या साप्ताहिकांचा. ‘टॅमी’, ‘जिंटी’ आणि भयकथांचे ‘मिस्टी’ यांना संग्राहकांनी फार काळ दुय्यम मानले. प्रत्यक्षात एकाकीपण, अन्याय आणि मैत्रीतली क्रूरता यांवरच्या त्यांतल्या कथा मुलांच्या साहसकथांपेक्षा कितीतरी धीट आहेत.

भारतात या परंपरेची एक शाखा तमिळनाडूत रुजली. ‘व्हॅलियंट’मधला, विजेचा धक्का बसताच अदृश्य होणारा पोलादी हाताचा नायक १९७२ मध्ये मुत्तू कॉमिक्सने ‘इरुंबुक्कै मायावी’ या नावाने तमिळमध्ये आणला आणि तिथल्या वाचकांनी त्याला आपला मानले.

‘डँडी’चा छापील अंक डिसेंबर २०१२ मध्ये पंच्याहत्तराव्या वाढदिवशी बंद पडला, ‘बीनो’ आणि ‘२००० एडी’ अजून निघतात. या कॉमिक्सकडे प्रथमच किंवा पुन्हा वळणाऱ्या वाचकाने ‘चार्लीज वॉर’च्या पहिल्या खंडापासून सुरुवात करावी, आणि त्यानंतर लगेच ‘मिस्टी’ हाती घ्यावे.