जिथे ‘मामा’ म्हणजे आई

परदेशी शिकायला निघालेल्या मुला-मुलींच्या बॅगेत आपण कोल्हापूरकर कांदा-लसूण चटणी हमखास भरतो. तिथल्या भाषेची तयारी मात्र कुणी करून घेत नाही. “इंग्रजी येते ना, मग झाले,” एवढे म्हणून आपण मोकळे होतो.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एवढ्यावर भागत नाही. तिथल्या क्वाझुलू-नाताल विद्यापीठाने २०१४ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना, झुलू येत नसेल तर, ती भाषा शिकणे सक्तीचे केले. देशातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांची ही घरची भाषा आहे.

झुलूत जिभेने चटकन काढायचे तीन आवाज आहेत. नवखा माणूस घाबरतो. पण ते आपल्या ओळखीचे आहेत. कुणाचे दुःख ऐकून आपण ‘च्च च्च’ करतो, तो पहिला. मुले टाळूला जीभ लावून घोड्याच्या टापा वाजवतात, तो दुसरा. टांगेवाला गालाच्या कडेने आवाज काढून घोडा हाकतो, तो तिसरा.

‘बाबा’ म्हणजे वडील, पण ‘मामा’ म्हणजे आई! अनोळखी वडीलधाऱ्यांनाही हेच शब्द वापरतात. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. जुन्या रिवाजाप्रमाणे झुलू सून सासऱ्याचे नाव तर नाहीच, त्या नावासारखे वाटणारे शब्दही टाळते. या अदबीला ‘ह्लोनिफा’ म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर भिडवायची नाही, दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची. आपल्या घरातली मुले हे पटकन समजतील. भेटल्यावर ‘सावुबोना’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ, ‘आम्ही तुला पाहिले.’

हे ‘पाहणे’ महत्त्वाचे आहे. १६ नोव्हेंबर १८६० ला हिंदी मजुरांचे पहिले जहाज डर्बनला लागले. मागोमाग व्यापारी गेले, त्यांत गुजराती मुसलमान पुष्कळ होते. ग्रे स्ट्रीटची प्रसिद्ध जुमा मशीद १८८१ ची. पण दुकानात आणि घरकामाला असलेल्या झुलू माणसाशी बोलणे बहुधा ‘फानागालो’ नावाच्या मोडक्या मिश्र बोलीत चाले. ती मुख्यतः हुकूम सोडण्याची बोली. जानेवारी १९४९ मध्ये डर्बनला झुलू आणि हिंदी लोकांत दंगल झाली, १४२ माणसे मेली. त्यामागे गरिबी होती, वंशभेदी राजवट होती; नुसत्या भाषेने ती टळली असती असे नाही. पण शेजाऱ्याशी फक्त हुकमाच्या भाषेत बोललो, तर त्याचे मन कळणार कसे?

भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी आहे, असे सूरह रूम सांगते. घरात दख्खनी आणि गल्लीत मराठी बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना आणखी एक भाषा जड नाही. मूल कुठल्याही देशी जावो, चटणीची बरणी भरताना तिथला सलाम, तिथले ‘आई’ आणि ‘बाबा’ एवढे शब्द त्याच्याकडून घोकून घ्या. पुढचे तिथली माणसे शिकवतील.