हरितगृहातील कृत्रिम प्रकाश आणि मधमाशीचे उड्डाण

वनस्पतीच्या लेखी प्रकाश म्हणजे ऊर्जा. मधमाशीच्या लेखी प्रकाश म्हणजे मुख्यत्वे खूण. हरितगृहातील दिव्यांची योजना करताना पहिल्याच अर्थाचा विचार होतो, दुसरा दुर्लक्षिला जातो. भाषेच्या अभ्यासकास हा विषय परका वाटू नये. कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलेले मधमाशीचे नृत्य 'भाषा' या संज्ञेस पात्र आहे काय, याची चर्चा एमिल बाँव्हनिस्त यांनी १९५२ मध्येच केली होती. त्या नृत्यात दिशा सांगितली जाते ती सूर्याच्या संदर्भाने; सूर्य झाकलेला असता निळ्या आकाशातील ध्रुवित प्रकाश तेच कार्य करतो.

मधमाशीच्या डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असतात. अतिनील, निळा व हिरवा प्रकाश त्यांस अनुक्रमे सुमारे ३४४, ४३६ व ५४४ नॅनोमीटर या तरंगलांबींस सर्वाधिक जाणवतो. तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. तांबड्या-निळ्या एलईडी दिव्यांखाली पीक उत्तम पोसते. परंतु माशीच्या वाट्यास त्यातील निळा अंशच येतो. उड्डाणातील गती व अंतर अजमावण्याचे काम प्रामुख्याने हिरव्या ग्राहकाकडे असल्याने त्यास मिळणारी माहिती क्षीण होते. शिवाय, पन्नास आवर्तनांच्या विजेवरील साध्या नळीदिव्याचा प्रकाश सेकंदास शंभर वेळा कमीअधिक होतो. आपणांस तो स्थिर भासतो. माशीस मात्र ही लुकलुक जाणवते.

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसराचा या दृष्टीने विचार करता येईल. येथे सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो; त्यामुळे थंड देशांप्रमाणे सूर्यप्रकाशाची उणीव भरून काढण्यासाठी दिवे लावण्याची गरज विरळाच. शेवंतीसारख्या पिकात रात्र खंडित करून फुलोरा लांबविण्यासाठी ते लावले जातात. शेवंतीस परागीभवनाची आवश्यकता नाही. पण खरबुजासारख्या पिकासाठी मधमाश्यांची पेटी आत ठेवली असल्यास अंधार पडल्यावर पेटलेला दिवा माश्यांस आकर्षितो, आणि त्यांपैकी कित्येक परतत नाहीत.

आच्छादनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पांढरी माशी व फुलकिडे यांस रोखण्यासाठी अतिनील किरण अडविणारा प्लास्टिक कागद वापरतात. जो कागद किडीची वाट चुकवितो, तोच मधमाशीचीही चुकवू शकतो. माश्या छताच्या कोपऱ्यांत धडका घेत राहतात. काही माश्या कालांतराने सरावतात हे खरे; तथापि बहर अल्पकाळ टिकणाऱ्या पिकास तेवढा अवकाश नसतो.

म्हणून कागदाची अतिनील-पारगम्यता, दिव्यांचा वर्णपट व त्यांची वेळ या तीन बाबी पाहिल्यावाचून पेटी हरितगृहात नेऊ नये.