आधी परीक्षा, मग शिक्षक

अमेरिकेतल्या हायस्कुलांत 'एपी' या दोन अक्षरांना किती वजन असते, हे तिथे मुले वाढवणाऱ्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि एक ते पाच या श्रेणींतली वरची श्रेणी मिळाली, तर पुढे कॉलेजात त्या विषयाचे श्रेयांक पदरात पाडून घ्यायचे. १९५५ पासून ही योजना कॉलेज बोर्ड चालवते आहे. गणित, विज्ञान, इतिहास हे विषय तिथे सुरुवातीपासून होते. परकीय भाषांच्या दालनात मात्र कित्येक दशके युरोपचेच राज्य होते. आशियाई भाषेला आत यायला २००६ साल उजाडावे लागले. त्या शैक्षणिक वर्षात चिनी आणि जपानी एकदमच दाखल झाल्या आणि दोन्हींची पहिली परीक्षा मे २००७ मध्ये झाली.

यातल्या जपानीची कथा शिक्षकाच्या बाजूने पाहिली, की ती फार वेगळी दिसते. एरवी आपण धरून चालतो की आधी शिक्षक तयार होतात, मग ते शिकवतात आणि शेवटी परीक्षा येते. इथे सगळे उलट घडले. परीक्षा आली आणि तिने आपले शिक्षक घडवायला घेतले.

मागे जायचे, तर ऐंशीच्या दशकापर्यंत जावे लागते. जपानची अर्थव्यवस्था फुगत होती, सोनी आणि टोयोटाची नावे अमेरिकेत घरोघरी पोचली होती आणि जपानी येणाऱ्याला नोकरी ठेवलेलीच, असा एक समज पसरला होता. अमेरिकेतल्या कॉलेजांत जपानी शिकणारे १९८० मध्ये साडेअकरा हजारांच्या आसपास होते, ते १९९० मध्ये पंचेचाळीस हजारांवर गेले. ही लाट शाळांपर्यंत आली. शाळांनी वर्ग उघडले, पण शिकवायला माणसे आणायची कुठून? मिळतील ती घेतली. कुणी लग्न होऊन अमेरिकेत आलेली जपानी बाई. भाषा तिची स्वतःची, पण अमेरिकन किशोरांचा वर्ग तिने आयुष्यात कधी सांभाळलेला नाही. कुणी जपान सरकारच्या जेट योजनेतून (ती १९८७ ची) तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवून परतलेला तरुण. वर्ग सांभाळण्यात पटाईत, पण व्याकरणाचा प्रश्न आला की अडखळणारा. कुणी मुळात समाजशास्त्राचा किंवा स्पॅनिशचा शिक्षक, जपानीही थोडी येते म्हणून तो तास गळ्यात पडलेला. जपानी शिकवण्याचेच प्रशिक्षण देऊन शिक्षकाचा परवाना मिळवून देणारी विद्यापीठे फार थोडी होती. शाळेत जपानीचा शिक्षक बहुधा एकटाच असे. अडचण आली, तर विचारायचे कुणाला? शेजारच्या वर्गात फ्रेंचवाले.

तरीही ही मंडळी टिकली. जपानचा फुगा फुटला, 'जपानीतून नोकरी' हे गाजर नाहीसे झाले, पण मुले येत राहिली. आता ती मांगा, अ‍ॅनिमे आणि व्हिडिओ गेमच्या ओढीने येत होती. शाळेतल्या शिक्षकांची स्वतःची संघटना उभी राहिली. विद्यापीठातल्या शिक्षकांची संघटना १९६३ पासून होतीच. दोन्हींत वैर नव्हते, पण ऊठबसही फारशी नव्हती. शाळेतून चार वर्षे जपानी शिकून आलेले पोर कॉलेजच्या प्रवेशचाचणीला बसायचे आणि बऱ्याचदा पुन्हा पहिल्याच वर्षाच्या वर्गात जाऊन बसायचे. शाळेचे म्हणणे, कॉलेजला आमच्या मुलांची कदर नाही. कॉलेजचे म्हणणे, शाळेत गाणी, ओरिगामी आणि सुशी यांतच चार वर्षे गेली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

२००३ मध्ये कॉलेज बोर्डाने इटालियन, चिनी, जपानी आणि रशियन अशा चार नव्या भाषा एपीत आणायचे जाहीर केले. तुमच्याकडे हा अभ्यासक्रम चालवाल का, असे शाळांना विचारले, तेव्हा चिनीला होकार देणाऱ्या शाळा २,४०० च्या घरात निघाल्या. बाकीच्या तीन भाषा तिच्या आसपासही नव्हत्या. जपानीचे पाऊल पुढे पडले, त्यामागे जपान फाउंडेशनचे आर्थिक पाठबळ होते, आणि शाळा व विद्यापीठ या दोन्ही ठिकाणचे शिक्षक एका समितीत बसून काम करायला तयार झाले, हेही होते. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

समितीपुढचा पहिलाच प्रश्न अवघड होता. कॉलेजची पातळी म्हणजे कुठल्या कॉलेजची? अमेरिकेत जपानी शिकवण्याची एकच एक रीत कधी नव्हती. जपानीच्या पाठ्यपुस्तककार एलिनॉर जॉर्डन यांच्या परंपरेतली विद्यापीठे आधी बोलणे पक्के करायची. लिपीचा क्रमांक नंतर. 'योकोसो' किंवा १९९९ मध्ये आलेले 'गेन्की' ही पाठ्यपुस्तके वापरणारी विद्यापीठे पहिल्या काही आठवड्यांतच हिरागाना-काताकाना या लिप्या गिरवून घ्यायची. एकाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी अस्खलित बोले, पण वाचताना चाचपडे. दुसऱ्याचा नेमका उलट. शेवटी माप ठरले ते असे: कॉलेजात सुमारे ३०० तास शिकल्यावर विद्यार्थी जिथे पोचतो, ती पातळी. सोबत ४१० कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांची, यादी. 'गेन्की'चे दोन्ही भाग संपवल्यावर ३१७ कांजी होतात, हे ध्यानात घेतले की ४१० या आकड्याने शाळेतल्या शिक्षकाच्या पोटात गोळा का आला असेल, ते कळते. शाळेत रोज पन्नास मिनिटांचा तास असतो आणि वर्षाला १८० दिवस शाळा भरते. म्हणजे वर्षाचे दीडशे तास. चार वर्षांचे सहाशे तास धरले तरी त्यांतून कवायती, चाचण्या, फुटबॉलचे सामने वजा करायचे, आणि चौदा वर्षांच्या मुलाची गती वीस वर्षांच्या मुलाएवढी नसते, हेही धरायचे.

कांजीपेक्षाही शिक्षकांना हादरवले ते परीक्षेच्या स्वरूपाने. ही परीक्षा पहिल्यापासून संगणकावर होती. कागद नाही, पेन्सिल नाही. ज्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे अक्षराच्या रेघांचा क्रम घोटून घेतला होता, त्यांना अचानक जपानी टंकलेखन शिकवावे लागले. रोमन अक्षरांत उच्चार टंकायचा, मग संगणक पुढे करतो त्या कांजींतून नेमकी निवडायची, हे वेगळेच कौशल्य आहे. हाताने सुरेख अक्षर काढणारी मुलगी इथे मागे पडू शकते आणि ज्याचे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे, तो पुढे जाऊ शकतो. त्यासाठी संगणकांची प्रयोगशाळा हवी, कानाला हेडफोन हवेत, यंत्रावर जपानी लिपीची सोय हवी. शाळेच्या तंत्रज्ञाला ही सोय कशी सुरू करायची, हे समजावणेही जपानीच्या शिक्षकाच्याच गळ्यात.

परीक्षेतली कामेही नेहमीच्या भाषेच्या पेपरातली नव्हती. पडद्यावर एकामागून एक सहा संदेश येणार आणि प्रत्येकाला नव्वद सेकंदांत लेखी उत्तर द्यायचे. दोन गोष्टींची तुलना करणारा ३०० ते ४०० अक्षरांचा लेख वीस मिनिटांत लिहायचा, आपली आवड कुठली ते सांगायचे आणि कारणे द्यायची. ध्वनिमुद्रित आवाजाशी चार वेळा बोलायचे. दर वेळी मिळणार वीस सेकंद. आणि शेवटी जपानी संस्कृतीतल्या एखाद्या विषयावर चार मिनिटे तयारी करून दोन मिनिटे भाषण करायचे, त्यात निदान पाच मुद्दे आले पाहिजेत. भाषा विनयाची हवी. इथे अ‍ॅनिमेवर पोसलेली मुले सपशेल आपटत, कारण त्यांच्या कानात बसलेली जपानी ही मित्राशी, नाहीतर शत्रूशी बोलण्याची. वडीलधाऱ्यांशी बोलण्याची नव्हे.

व्याकरणाची नुसती रूपे चालवून घेणारा वर्ग या कामांना पुरत नाही, आणि शिक्षकांचे खरे शिक्षण इथूनच सुरू झाले. कॉलेज बोर्डाने एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा ठेवल्या, उन्हाळ्यात आठवडाभराची शिबिरे भरवली. अशा शिबिरात निदान तीस तासांचे काम असते. कॅल्क्युलसच्या शिक्षकाला असे शिबिर जवळपास कुठेही सापडते. जपानीच्या शिक्षकाला बहुधा दुसऱ्या राज्यात जावे लागे, कारण नोंदणीच मोजकी. प्रवासाचा खर्च शाळा देईल याची खात्री नाही आणि उन्हाळ्याचा पगार बहुतेकांना नसतोच. तीस तासांत चार वर्षांचा अभ्यासक्रम नव्याने बांधायला शिकवणे अवघडच होते, हे शिबिरे घेणाऱ्यांनाही ठाऊक असावे.

त्या मानाने दोन कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींनी जास्त काम केले. पहिली, २००७-०८ पासून लागू झालेली अभ्यासक्रम-तपासणी. वर्गाला एपी म्हणवून घ्यायचे असेल, तर शिक्षकाने स्वतःची पाठयोजना लिहून पाठवायची आणि कॉलेजच्या प्राध्यापकांनी ती पाहून मंजूर करायची. अनेकांनी कपाळाला हात लावला असणार. अशी कागदपत्रे कुणाला आवडतात? पण 'धडा सातवा, धडा आठवा' अशी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका पाठवून तिथे भागत नव्हते. मूल ऐकणार काय, वाचणार काय, कुणाशी बोलणार, कुणासाठी लिहिणार, हे सगळे कागदावर मांडावे लागले. असे मांडताना माणूस आपल्या शिकवण्याकडे त्रयस्थासारखा पाहू लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरे तपासण्याचे काम. दरवर्षी शाळेतले आणि कॉलेजातले शिक्षक एकत्र जमून मुलांची लेखी आणि तोंडी उत्तरे शून्य ते सहा या श्रेणींत बसवतात. आधी नमुन्याची उत्तरे, त्यांवर चर्चा, मग सगळ्यांचे माप जुळेपर्यंत पुन्हा नमुने. एका उत्तराला चार का आणि पाच का नाही, यावर प्राध्यापक आणि शाळामास्तर समोरासमोर भांडतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी नेमका कसा लिहितो, हे शाळेतल्या शिक्षकाला जितके इथे कळते तितके कुठल्याही पुस्तिकेतून कळणार नाही. आणि शाळेतली मुले किती पुढे जाऊ शकतात, हे प्राध्यापकांनाही इथेच दिसते. माझ्या मते एपी जपानीची सगळ्यात चांगली शिक्षकशाळा हीच. दुर्दैव एवढेच की तिथे बोलावले जाते ते आधीच काही वर्षे शिकवलेल्यांना. नवख्याला ती दारे बंद.

चिनीची गोष्ट शेजारी ठेवल्याशिवाय जपानीची पूर्ण होत नाही. चिनीच्या विकासखर्चाचा निम्मा वाटा चीन सरकारने उचलला आणि पाहुणे शिक्षकही धाडले. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकी सरकारने राष्ट्रीय सुरक्षेला महत्त्वाच्या भाषांची योजना जाहीर केली. तिच्या अग्रक्रमावर अरबी, चिनी, रशियन, फारसी आणि आपली हिंदीसुद्धा होती. जपानी तिथे ठळक नव्हती. मित्रराष्ट्राच्या भाषेची भीती कुणाला वाटते? परिणामी उन्हाळी शिक्षकप्रशिक्षणाचा जो सरकारी पैसा चिनीकडे गेला, त्याचा ओलावा जपानीपर्यंत फारसा आला नाही. पुढे मंदी आली आणि शाळांतल्या परकीय भाषांना मदत करणारे केंद्राचे अनुदानही २०१२ च्या अंदाजपत्रकात बंद झाले. चारांपैकी रशियनची परीक्षा सुरूच झाली नाही. इटालियनची २००९ नंतर बंद पडली आणि नवे देणगीदार मिळाल्यावर २०१२ मध्ये परतली. जपानीच्या परीक्षेत मात्र खंड पडला नाही. पहिल्या वर्षी सोळाशेच्या आसपास मुले बसली होती. पुढची वाढ सावकाश झाली, पण आकडा खाली कोसळला नाही.

निकालाच्या तक्त्यात एक फसगत आहे. सर्वोच्च, म्हणजे पाचची, श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण डोळे दिपवणारे दिसते, पण त्यांत घरी जपानी बोलणारी मुले मोठ्या संख्येने असतात. म्हणून कॉलेज बोर्ड शाळेतच भाषा शिकलेल्यांचा निकाल वेगळा काढून दाखवते आणि तो बराच साधा असतो. वर्गातही हाच पेच. तिसरे वर्ष, चौथे वर्ष आणि एपी अशी तिन्ही पातळ्यांची मुले एकाच तासाला एकाच खोलीत बसवल्याची उदाहरणे सर्रास आहेत, कारण एपीपर्यंत पोचलेली मुले जेमतेम आठ-दहा. त्यात दोघे घरी आजीशी जपानीत बोलणारे. असा वर्ग कसा हाकायचा, हे प्रशिक्षणात नीट शिकवले गेले नाही. शिक्षकांनी ते एकमेकांकडून उचलले. २०१२ मध्ये शाळेच्या आणि विद्यापीठाच्या शिक्षकांच्या संघटना अखेर एक झाल्या, त्याने ही देवघेव सोपी झाली. २०१९ मध्ये एपीतल्या आधुनिक भाषांसाठी सहा समान घटकांची चौकट आली. १९९३ पासून चाललेली, कॉलेजप्रवेशासाठीच्या 'सॅट'मधली जपानीची परीक्षा २०२१ मध्ये मोडीत निघाली, तेव्हापासून एपीवरचा भार आणखी वाढला. नव्वदीत रुजू झालेली ती पहिली पिढी आता निवृत्त होते आहे आणि तिच्या जागी येणाऱ्यांसाठीची वाट तेव्हा होती तितकीच अरुंद आहे. एपीने असलेल्या शिक्षकांना वर आणले, नवे शिक्षक निर्माण केले नाहीत. तो परीक्षेचा दोष म्हणता येणार नाही, पण परीक्षेकडून ती अपेक्षा ठेवणाऱ्यांचा जरूर आहे.

हे पुण्यात बसून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे सीबीएसईने जपानी आणली तीही २००६ मध्येच, आणि २०१७ मध्ये भारत-जपान यांनी पाच वर्षांत जपानीचे एक हजार शिक्षक घडवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्यपरीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक तर इथे उत्तमच आहेत. पण जेएलपीटीत बोलणे नाही आणि लिहिणेही नाही. पर्याय निवडायचे असतात. ते प्रमाणपत्र मिळवलेला माणूस तेरा-चौदा वर्षांच्या चाळीस मुलांपुढे उभा राहून त्यांना बोलते करू शकेलच, असे नाही. शाळांत जपानी वाढवायची असेल, तर विद्यापीठातल्या आणि शाळेतल्या शिक्षकांनी वर्षातून एकदा एकत्र बसून एकाच मुलाचा निबंध स्वतंत्रपणे तपासावा आणि गुण ताडून पाहावेत. सरकारी आदेशाची वाट न पाहता या वर्षीच सुरुवात करावी.