हिशेबात न येणारा भार

हळदीचा हंगाम ऐन भरात असावा. सांगलीच्या मार्केट यार्डात सकाळचे सौदे नुकतेच आटोपलेले असावेत. अशा वेळी, वीस वर्षे ज्यांच्या आकड्यावर कोणी बोट ठेवले नाही, त्या दिवाणजींच्या हातून एका शेतकऱ्याच्या पट्टीत चुकीचे वजन लिहिले जाते. आठवड्याने पुन्हा तसेच घडते. बँकेत भरायचा धनादेश खणातच राहून जातो. शेठजी चारचौघांत विचारतात, "दिवाणजी, लक्ष कुठे असते तुमचे?" दिवाणजी खाली पाहतात. तीन आठवड्यांत त्यांना एकही रात्र सलग झोप लागलेली नाही, हे दुकानात कोणालाच ठाऊक नसते.

हे चित्र एखाद्याच पेढीचे नाही. धान्याच्या, कापडाच्या, औषधांच्या, सोन्याचांदीच्या कोणत्याही दुकानात ते दिसू शकते. व्यापारात चूक ताबडतोब लक्षात येते. तिच्यामागचे दुखणे मात्र लक्षात येत नाही. त्यामुळे आजाराला निष्काळजीपणा, आळस किंवा उर्मटपणा अशी नावे मिळतात आणि औषधाऐवजी बोल मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये कामकाजाच्या वयातील सुमारे १५ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असेही ही संघटना सांगते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एक जण अशा विकाराने ग्रस्त आढळला. त्याहून गंभीर बाब अशी, की विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणारा स्वतंत्र विभाग असतो. पेढीवर तसे काही नसते. मालक हाच वडील, काका किंवा थोरला भाऊ असतो. दुकानातला वाद रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतो. शिक्षण संपवून गल्ल्यावर बसलेल्या मुलाला 'हे काम मला झेपत नाही' असे सांगायला जागाच उरत नाही, कारण ते वाक्य कामाविषयी न राहता घराविषयी होते. त्यात थकलेली उधारी, दरमहा ११ आणि २० तारखेची वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, ३१ मार्चची धावपळ आणि रात्री अकरालाही वाजणारा भ्रमणध्वनी. कामाचा ताण सर्वांनाच असतो आणि तो विश्रांतीने ओसरतो. परंतु उदासी, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, मन एकाग्र न होणे, सतत धडधड अथवा अनामिक भीती ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर तो केवळ थकवा समजू नये. पुष्कळदा मनाचे दुखणे डोकेदुखी, आम्लपित्त, छातीतील जडपणा अशा वेषात येते आणि माणूस वर्षभर पोटाचीच औषधे घेत राहतो.

मग उपचार का टळतात? व्यापारी घराण्यात याचे उत्तर एका शब्दात आहे : पत. मनाच्या डॉक्टरांकडे गेल्याचे बाजारात कळले तर उधारीवर माल कोण देईल, घरातल्या मुलीचे स्थळ मोडेल का, ही भीती खोटी नाही. पण लपवून पत राहत नाही. विसरलेली देणी, तोडून बोललेली गिऱ्हाइके आणि अविचाराने केलेले सौदे यांतून ती लपवलेल्या दुखण्यानेच जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान द्यावे, हे बंधनही त्याच कायद्यात आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. आश्रितावर, मग तो बैल असो वा माणूस, शक्तीबाहेर ओझे लादणे हा हिंसेचाच दोष मानला गेला. आज पेढीवरचे पोते किती किलोचे आहे हे काट्यावर कळते. दिवाणजींच्या, विक्रेत्या मुलाच्या किंवा धाकट्या भावाच्या मनावर किती भार आहे, हे मात्र विचारल्याखेरीज कळत नाही.

विचारण्याचीही रीत असते. चारचौघांत न बोलता, दुकान बंद झाल्यावर, चहा समोर ठेवून विचारावे. 'तुम्हाला काय कमी आहे?' हा प्रश्न तोंड बंद करतो. 'गेले काही दिवस तुम्ही थकलेले दिसता, झोप लागते का?' हा प्रश्न तोंड उघडतो. ऐकताना लगेच उपदेश करू नये. हंगाम संपेपर्यंत कामाची वाटणी बदलावी, आठवड्याची सुटी खरोखरच सुटी ठेवावी, रात्रीचे फोन थांबवावेत. उपचारासाठी रजा लागली तर पगार आणि जागा दोन्ही सुरक्षित आहेत, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती स्वतःहून सोडू नयेत. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर ते हसण्यावारी नेऊ नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

हाच न्याय शेठजींनाही लागू आहे. सर्वांचा भार पाहणाऱ्याचा भार पाहणारे कोणीच नसते. पहाटे तीनला उठून येणी-देणी मोजत बसणाऱ्या मालकानेही आपल्या घरच्यांजवळ ते बोलून दाखवावे. मालकानेच 'मीही डॉक्टरांना भेटलो' असे म्हटले, की पेढीवरच्या इतरांनाही बोलण्याचे धैर्य येते.

पट्टीतील वजनाची चूक दुरुस्तीची एक नोंद करून पाच मिनिटांत सुधारता येते. ती करणाऱ्या दिवाणजींना शेठजींनी त्या संध्याकाळी थांबवून घेतले आणि "बसा, आज हिशेब राहू द्या" एवढे म्हटले, तर वीस वर्षांचा एक विश्वासू माणूस त्या पेढीला आणि त्याच्या घराला परत मिळू शकतो.