बारा व्होल्ट येतात, पंप फिरत नाही

भंडारा, लाखनी, साकोली असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणजे जुना सहा नंबर. या रस्त्यालगतच्या गॅरेजांना इंटरकूलर नवा नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे, आणि टर्बो लावलेले ट्रक इथे रात्रंदिवस धावतात. ट्रकचा इंटरकूलर मात्र साधा असतो. टर्बोने दाबलेली गरम हवा रेडिएटरपुढच्या जाळीतून जाते आणि बाहेरच्या वाऱ्याने थंड होते. त्यात पाणी नाही, पंप नाही. बिघाड झाला तर होज फाटलेला असतो किंवा क्लिप ढिली झालेली असते. काळा धूर निघतो, शिट्टी ऐकू येते, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरच्या गाड्यांत आणि अलीकडच्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांत तसं होत नाही. रेंज रोव्हरच्या पाच लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८ मध्ये हवा पाण्याने थंड होते. २०२० साली आपल्याकडे आलेल्या पोलोच्या एक लिटर टीएसआय इंजिनातही तीच रीत आहे, फक्त तिथे सुपरचार्जरऐवजी टर्बो आहे. या पाण्याचं चक्र इंजिनाच्या मुख्य कूलिंगपेक्षा कमी तापमानावर वेगळं चालतं, आणि ते फिरवायला मुठीएवढा एक विजेचा पंप असतो. तो थांबला तर धूर येत नाही, शिट्टी वाजत नाही, गाडी बंदही पडत नाही. फक्त पिकअप पडतो. म्हणून या पंपाचा बिघाड शोधणं हे वेगळ्या जातीचं काम आहे. त्या कामाला आपल्याकडे जेवढी किंमत मिळते त्याच्या कितीतरी पट ती मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी हवेचा हिशेब पाहू. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५ अंशांवर जातो. ही ४५ अंशांची हवा बाहेरच्या दाबाच्या १.८ पट दाबली, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १२८ अंश गरम असते. ती पाण्याने ६५ अंशांपर्यंत उतरवली तर तिची घनता जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढते. तेवढा जास्त प्राणवायू, तेवढी जास्त ताकद. पंप थांबला की इंटरकूलरमधलं पाणी जागच्या जागी तापत जातं आणि हवा गरमच इंजिनात शिरते. पेट्रोल इंजिनात गरम हवेमुळे ठोका, म्हणजे नॉकिंग, होण्याचा धोका असतो. तो टाळायला संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि दाबही कमी करतो. गाडी स्वतःला वाचवत असते, आणि मालकाला वाटतं पेट्रोलमध्ये भेसळ आहे. मग प्लग बदलले जातात, फिल्टर बदलला जातो, इंजेक्टर साफ होतात. यातल्या कशाचाही मूळ दुखण्याशी संबंध नसतो.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो: एवढ्या उन्हात गाडी अशी वागणारच. ऊन खरंच आहे. इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, त्यामुळे डिसेंबरात सकाळी जी ताकद मिळते ती मेच्या दुपारी मिळणार नाही. पण म्हणूनच नुसता तापमानाचा आकडा पाहून काही कळत नाही. बाहेरची हवा आणि इंजिनात शिरणारी हवा यांतलं अंतर पाहावं लागतं, आणि ते अंतर कसं बदलतं हेही पाहावं लागतं. स्कॅनर लावून गाडी महामार्गावर जोरात नेली आणि मग एका वेगात शांतपणे चालवली, तर निरोगी चक्रात वाढलेलं तापमान लवकर खाली येतं. सावकाश, अर्धवट खाली आलं तर पाणी फिरतंय, पण पुढचा छोटा रेडिएटर उष्णता टाकत नाही. चढतच गेलं आणि उतरलंच नाही तर पाणी फिरत नसण्याचीच शक्यता जास्त. यात ऊन तिन्ही वेळा तेच असतं. आणि रेडिएटरचं म्हणाल तर धानाच्या जिल्ह्यात त्यावर आधी संशय घ्यायला हवा. कापणी-मळणीच्या दिवसांत रस्त्यावर तणस आणि भुसा उडतो, तो किड्यांसह पुढच्या जाळीत बसतो. एअर गनने उलट्या बाजूने हवा मारायला पंधरा मिनिटं लागतात. ती न मारता पंप बदलला तर नवा पंपही तेच गरम पाणी फिरवत राहणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो गॅरेजमधूनच येतो: स्कॅनरने पंपाचा कोड दिला, मग शंका कसली? पण कोड म्हणजे गावाचं नाव, घराचा पत्ता नव्हे. संगणकाला एवढंच कळतं की पंपाच्या सर्किटमध्ये अपेक्षेप्रमाणे वीज वाहत नाही. फ्यूज, रिले, कपलर, अर्थ, वायर आणि शेवटी पंप, यांतलं कोण दोषी आहे हे त्याला सांगता येत नाही. नुसता पंप कानाला ऐकू येत नाही म्हणूनही तो मेला असं नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन निवांत चालू असताना तो मुद्दामच बंद ठेवलेला असतो, म्हणून स्कॅनरवरून हुकूम देऊन तो फिरवून पाहावा लागतो. याच टप्प्यावर सगळीकडे ते एक वाक्य ऐकू येतं: बारा व्होल्ट येताहेत, म्हणजे पंपच गेला. मला या वाक्याची चीड येते. ते खोटं नसतं, पण अपुरं असतं.

कपलरमध्ये पावसाचं पाणी शिरून पिनेवर हिरवट गंज चढला, किंवा उंदराने वायर कुरतडून दोनच तारा शिल्लक ठेवल्या, तरी मल्टिमीटर बारा व्होल्टच दाखवतो. मीटर स्वतः जवळजवळ वीज ओढतच नाही, त्यामुळे वाटेतला अडथळा त्याला जाणवत नाही. तीन अँपिअर ओढणारा पंप जोडला की तोच अडथळा उघडा पडतो. गंजलेल्या जोडाचा विरोध दोनच ओहम असला तरी पंपाच्या वाट्याला आठ व्होल्ट उरतात. महामार्गावरचा जुना वायरमन अशा वेळी मीटर बाजूला ठेवतो आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना लावून कपलरमध्ये धरतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. झगझगीत लागला तर वायरिंग निर्दोष, मंद लागला तर चोर वाटेतच. मीटरवर बारा व्होल्ट आणि हातातला बल्ब विझू विझू झालेला, या एका क्षणात या कामाची सगळी विद्या सामावली आहे. त्या वायरमनला कोणी इंजिनिअर म्हणत नाही. पण भाराखाली तपासल्याशिवाय विजेवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा नियम कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य होईल. नव्या पंपांत संगणकाकडून येणारी एक वेगळी हुकमाची वायर असते, तिला मात्र बल्ब लावायचा नाही, संगणकच जळू शकतो. बल्ब फक्त मुख्य पुरवठा आणि अर्थ यांच्यातच.

पुरवठा ठीक निघाला तरी पंपावर शिक्का मारायची घाई नको. क्लॅम्प मीटरने पंप किती वीज ओढतो ते पाहिलं की तीन वेगळी दुखणी वेगळी दिसतात. काहीच ओढत नसेल तर आतलं सर्किट तुटलं. फार ओढत असेल तर पंखा अडकला, आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी कूलंटच्या जागी ओतत राहिल्यावर असं होऊ शकतं. नेहमीपेक्षा कमी ओढत असेल, आवाजही मोकळा येत असेल, तर पंप पाणी नव्हे, हवा घुसळतोय. या जातीचा पंप हवा ढकलू शकत नाही. कुणीतरी आधी होज काढला, पाणी भरलं, पण एअर नीट काढला नाही, एवढंच घडलेलं असतं. डिझेलचा एअर काढण्यात हयात घातलेल्या मिस्त्रीला हे समजावून सांगावं लागत नाही. गंमत अशी की अशा गाडीत नवा पंप बसवला तरी गाडी सुधारते, कारण बसवताना एअरही निघतो. मग निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं, आणि चांगला जुना पंप भंगारात जातो. पंप बदलल्यावर गाडी नीट झाली, हा पंप खराब असल्याचा पुरावा होत नाही. बाटलीतलं कूलंट कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही, असं असेल तर प्रकरण गंभीर आहे. इंटरकूलर आतून फुटून पाणी इंजिनात जात असू शकतं. तिथे पंपाची चर्चा थांबवून गाडी उभी करावी.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तोच सगळ्यांत खरा आहे. मिस्त्री म्हणतो, दोन तास शोधून दहा रुपयांचा फ्यूज सापडला तर गिऱ्हाईक मला दहा रुपये देणार, पंप बदलला तर हजारो रुपयांचं बिल न कुरकुरता देणार. यात मिस्त्रीचा दोष मला दिसत नाही. पुर्जा हातात धरता येतो, शोध धरता येत नाही, म्हणून आपण पुर्ज्याचेच पैसे देतो आणि मग सगळे पुर्जेच बदलतात अशी तक्रार करतो. कंपनीचं वर्कशॉप गाठायला भंडाऱ्याहून साठ किलोमीटरवरच्या नागपूरला जाणारा मालक त्या फेरीचा खर्च सोसतो, पण लाखनीच्या वायरमनला बल्ब लावून पाहण्याचे दोनशे रुपये द्यायला बिचकतो. तपासणीचे पैसे आधी ठरवावेत, बिलावर त्याची स्वतंत्र ओळ असावी, पंप ठीक निघाला तरी ते द्यावेत. बदल्यात मालकाने आकडे मागावेत: बाहेरचं तापमान किती, आतलं किती, जोरात चालवल्यावर किती चढलं आणि किती वेळात उतरलं, पंप किती अँपिअर ओढतो. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच सुमाराच्या उन्हात पुन्हा तेच आकडे घ्यावेत. नुसते बारा व्होल्ट त्या कागदावर लिहिलेले असतील, तर पैसे देण्याआधी बल्ब लावून दाखवायला सांगावं.