तीव्र आंत्रपुच्छदाहाची तीव्रता आणि सीटी स्कॅन

आंत्रपुच्छ म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेली, एका टोकाला बंद अशी बारीक नळी होय. तिच्या दाहाला बोलीभाषेत नुसते ‘अपेंडिक्स’ म्हटले जाते. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये या विकाराचे स्वरूप स्पष्ट केले. त्यानंतर शतकभर, निदान होताच शस्त्रक्रिया हाच सर्वमान्य उपचार राहिला. साहजिकच चिकित्सकापुढील प्रश्नही एवढाच होता, की दाह आहे किंवा नाही.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील ‘अपॅक’ चाचणीने या प्रश्नाचे स्वरूप बदलले. केवळ प्रतिजैविके दिलेल्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली नाही. मात्र हे रुग्ण सीटी स्कॅन करूनच निवडलेले होते. आंत्रपुच्छ फुटलेले, गळू झालेले अथवा आत खडा असलेले रुग्ण मुळातच वगळले होते. या निष्कर्षाचा उल्लेख करताना नेमकी हीच अट पुष्कळदा विसरली जाते. दाह कितपत पुढे गेला आहे, हे ठरविणे त्यामुळे अगत्याचे झाले.

नळीचा व्यास ६ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे, भिंत जाड होणे, भोवतालची चरबी धूसर दिसणे ही चिन्हे दाहाचे अस्तित्व सांगतात. त्याची तीव्रता त्यांवरून ठरत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य दिल्यावर सुजलेली भिंत प्रतिमेत उजळते. तिचा एखादा भाग उजळला नाही, तर तेथील रक्तपुरवठा खंडित होऊन ऊती मृत झाल्याचा संशय येतो. नळीबाहेर हवेचे बुडबुडे किंवा खडा दिसणे ही नळी फुटल्याची खूण होय. खडा आतच असला, तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘कोडा’ चाचणीत, प्रतिजैविके दिलेल्यांपैकी खडा असलेल्या ४१ टक्के रुग्णांवर ९० दिवसांत शस्त्रक्रिया झाली. खडा नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते.

तथापि या तपासणीची विश्वसनीयता एकतर्फी आहे. गुंतागुंतीची वरील चिन्हे स्पष्ट दिसली, तर त्यांवर बहुतांशी विसंबता येते. ती न दिसल्यास तितक्याच खात्रीने काही म्हणता येत नाही. सूक्ष्म छिद्र भोवतालच्या चरबीने झाकले जाते आणि प्रतिमेत साधा वाटलेला दाह शस्त्रक्रियेच्या वेळी पुढे गेलेला आढळतो. अहवालातील ‘गुंतागुंत दिसत नाही’ या शब्दांचा अर्थ ‘गुंतागुंत नाही’ असा घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते. ताप, दुखण्याचा कालावधी, पांढऱ्या पेशींची संख्या व सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचे प्रमाण यांची जोड अहवालाला द्यावीच लागते. प्रतिजैविकांवर ठेवलेल्या रुग्णाचे पोट वारंवार हाताने तपासले जाते आणि दुखणे वाढले किंवा पोट कडक झाले, तर स्कॅनचा अहवाल सौम्य असला तरी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो.

बालके व गर्भवती यांच्याबाबतीत मात्र क्ष-किरणांचा मारा टाळण्यासाठी प्रथम सोनोग्राफी व गरज पडल्यास एमआरआय यांचा अवलंब केला जातो.